नादाराचे घर विकतो कोण?

दिवाळे हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे दुकान येते, पेढी येते, कालपर्यंत लोडाला टेकून बसणारा आणि आज बेपत्ता झालेला शेठ येतो. घर मात्र येत नाही. देणे फेडणे अशक्य झालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि त्या अवेळच्या दिव्याचा अर्थ सगळ्या पेठेला न सांगता कळे, अशी जी कथा या शब्दाच्या उगमाविषयी सांगतात तीही दुकानाचीच आहे. कचेरीच्या मराठीने याच अवस्थेसाठी फारसीतून दुसरा शब्द उचलला, तो 'नादार'. त्यातल्या 'दार'चा दरवाजाशी काही संबंध नाही. बाळगणारा असा त्याचा अर्थ, आणि म्हणून नादार म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो. परंतु मराठी कानाला त्यात दार गमावलेला माणूस ऐकू आला, तर तो कानाचा अपराध मानण्याचे कारण नाही. दागिने आधीच मोडलेले असतात, दुकानातला माल उचलला गेलेला असतो, सोयऱ्याधायऱ्यांकडची उसनवारी आटलेली असते. नादारीच्या अर्जावर सही करण्याच्या दिवशी गृहस्थाजवळ बहुधा एकच वस्तू उरलेली असते आणि ती म्हणजे राहते घर.

अशा वेळी कोणाही शहाण्या माणसाच्या मनात जो विचार येतो तो सरळ आहे: चांगले गिऱ्हाईक पाहून घर विकावे, आलेल्या पैशातून देणी भागवावीत आणि उरलेल्यात कोठेतरी दोन खोल्यांचा आसरा पाहावा. हा विचार न्यायाचा आहे, सावकारांच्याही हिताचा आहे. फक्त तो अमलात आणायची एक वेळ असते आणि ती उलटून गेली म्हणजे तोच विचार निरर्थक, क्वचित अपराधासारखाही ठरतो. कारण नादारीत घर माणसाच्या हातून ज्या क्रमाने जाते तो क्रम आपल्या कल्पनेच्या नेमका उलटा आहे. आपल्याला वाटते की आधी माणूस घराबाहेर पडतो आणि मग मालकी जाते. कायद्यात आधी जाते ती सही, आणि माणूस त्यानंतर कित्येक महिने, कधी वर्षे, जी वास्तू आपली राहिली नाही तिच्यात पूर्ववत दिवाबत्ती करीत राहतो.

हे नीट समजण्यासाठी कोणता कायदा कोठे चालतो हे आधी पाहिले पाहिजे, कारण मुंबई आणि मुफसल, म्हणजे शहराबाहेरचा मुलूख, यांची नादारी एक नाही. इंग्रजी अमलात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन इलाखा-शहरांसाठी १८४८ साली नादारीचा स्वतंत्र कायदा झाला. त्याची खरी कसोटी मुंबईत लागली ती १८६५ साली, जेव्हा अमेरिकेतील यादवी संपून कापसाचे भाव कोसळले आणि बॅकबे भरून काढण्याच्या योजनांसह ज्या शेअरांवर सबंध शहर झुलत होते ते कागद रद्दीच्या मोलाचे झाले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा, ज्याच्या देणगीतून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला असा धनाढ्य सटोडियाही त्या लाटेत बुडाला. १८४८च्या कायद्याच्या जागी १९०९ साली 'प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट' आला आणि शहरांबाहेरच्या मुलखासाठी १९२० साली 'प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट' झाला. गिरगावचा नादार त्यामुळे उच्च न्यायालयात जातो आणि साताऱ्याचा नादार जिल्हा न्यायालयात; पहिल्याची मिळकत ऑफिशिअल असायनी नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती जाते, दुसऱ्याची न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या. २०१६ साली संसदेने नादारी आणि दिवाळखोरीची नवी संहिता केली, तिच्यात हे दोन्ही जुने कायदे रद्द करणारे कलमही घातले, पण ते कलम अद्याप अमलातच आणलेले नाही. आणि व्यक्तींसंबंधीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू केला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. त्यामुळे सामान्य गृहस्थाचे दिवाळे आजही शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यानेच निघते.

न्यायालयाने एखाद्यास नादार ठरवल्याचा हुकूम केला की त्या क्षणी त्याची सर्व मिळकत असायनीकडे किंवा रिसीव्हरकडे निहित होते. या 'निहित होण्या'त जी विलक्षणता आहे ती सहसा लक्षात येत नाही. एरवी घराची मालकी हलायची म्हणजे खरेदीखत हवे, मुद्रांक हवा, दुय्यम निबंधकासमोर हजेरी हवी, साक्षीदार हवेत; येथे यांतले काही लागत नाही. मालमत्ता पत्रकावर नाव जुन्याच मालकाचे असते, वीजबिल त्याच्याच नावाने येते, घराच्या पाटीवरची अक्षरे पुसलेली नसतात, आणि तरीही त्याने त्यानंतर केलेले खरेदीखत म्हणजे दुसऱ्याची वस्तू विकण्यासारखे असते. एवढेच नव्हे, तर नादारीतून मुक्ततेचा हुकूम होईपर्यंत वारसाहक्काने किंवा अन्य मार्गाने त्याच्याकडे जे काही येईल तेही त्याच वाटेने पुढे जाते. म्हणजे नादार असतानाच वडील वारले आणि गावाकडच्या घरात त्याचा हिस्सा निघाला, तर तो हिस्सा त्याच्या हाताला स्पर्श न करताच रिसीव्हरकडे पोचतो.

हुकुमानंतर विकता येत नाही हे कळले. मग हुकुमाच्या आधी? येथे खरेदीदाराने, विक्रेत्यापेक्षाही अधिक, सावध झाले पाहिजे, कारण नादारीची सावली मागेही पडते. मुफसलच्या कायद्यात नादार ठरवल्याचा हुकूम अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासून झाला असे धरतात. अर्ज चैत्रात आणि हुकूम पुढच्या माघात झाला, तर मधल्या दहा महिन्यांत मालक म्हणून वावरलेला मनुष्य मागाहून पाहता मालक नव्हताच. मुंबईच्या कायद्यात ही सावली आणखी लांबते: अर्जापूर्वीच्या तीन महिन्यांत घडलेल्या पहिल्या नादारीच्या कृत्यापर्यंत ती जाते. नादारीची कृत्ये कोणती, याची कायद्याने यादीच दिली आहे आणि त्या यादीत घराला मानाचे स्थान आहे. सावकारांना चुकवण्याच्या उद्देशाने राहते घर सोडून जाणे हे नादारीचे कृत्य, आणि त्यांची गाठ पडू नये म्हणून स्वतःला कोंडून घेणे हेही नादारीचेच कृत्य! घर सोडले तरी गुन्हेगार आणि कडी लावून आत बसले तरी गुन्हेगार, असा हा पेच वाचताना मौजेचा वाटतो. ज्याच्या दाराशी वसुलीवाले उभे असतात त्याला त्यातली मौज दिसत नसावी.

ही मागे पडणारी सावली सर्वस्वी निर्दय असती तर देशात कोणीच कोणाकडून घर घेतले नसते. म्हणून दोन्ही कायद्यांनी प्रामाणिक खरेदीदाराला संरक्षण दिले आहे: व्यवहार नादारीच्या हुकुमापूर्वी झालेला असावा, पुरेसे मोल घेऊन झालेला असावा आणि अर्ज दाखल झाल्याची खबर खरेदीदाराला त्या वेळी नसावी. या तीन अटींतली तिसरी अट सगळ्यांत नाजूक आहे. भाव बाजारापेक्षा फार कमी, विक्रेत्याची घाई फार, आणि रक्कम बँकेतून नको, रोखीने हवी, अशा लक्षणांनी युक्त व्यवहार करून 'मला काय ठाऊक' असे म्हणणाऱ्याचे प्रामाणिकपण न्यायालयात टिकणे कठीण जाते. विसार देऊन बसलेल्याची अवस्था तर त्रिशंकूसारखी. आपल्या कायद्याप्रमाणे साठेखताने घरात कोणताही मालकी हक्क उत्पन्न होत नाही, पण ताबा मिळण्यापूर्वी भरलेल्या रकमेपुरता खरेदीदाराचा बोजा त्या मिळकतीवर राहतो. तेव्हा विक्रेता मध्येच नादार झाला तर विसार देणाऱ्याने रिसीव्हरकडे आपले साठेखत आणि पावत्या घेऊन धावावे हे उत्तम, विक्रेत्याच्या घरी जाऊन भांडण्यात अर्थ नाही, कारण करार पुरा करण्याची शक्ती आता त्या घरात नसते.

येथे एक फार जुनी आणि फार घरगुती युक्ती आठवते. दिवस फिरू लागले म्हणजे पुष्कळांना अचानक पत्नीवरील प्रेमाचे भरते येते आणि घराचे बक्षीसपत्र तिच्या नावाने होते. किंवा मेहुण्याला ते नाममात्र किमतीत विकले जाते, आणि त्या मेहुण्याच्या घरात जुना मालकच भाडेकरू म्हणून राहू लागतो. कायदेकर्त्यांना ही युक्ती आपल्याइतकीच ठाऊक होती. हस्तांतरानंतर दोन वर्षांच्या आत नादारी आली तर असे विनामोबदला हस्तांतर असायनीच्या किंवा रिसीव्हरच्या विरुद्ध टिकत नाही. अपवाद विवाहापूर्वी आणि विवाहाच्या निमित्ताने केलेल्या हस्तांतराचा आणि प्रामाणिक मोल देणाऱ्याचा. तीच गोष्ट पक्षपाताची. दहा सावकारांपैकी एकाला, बहुधा जो नातलग किंवा बालमित्र असतो त्याला, इतरांच्या आधी भागवण्यासाठी त्याच्याच नावाने घर करून दिले आणि तीन महिन्यांत नादारीचा अर्ज पडला, तर तेही रद्द होते. मित्रऋण फेडण्याची भावना उदात्त खरी, परंतु उरलेले नऊ जण नादाराचे शत्रू होते असे थोडेच आहे.

आता कोणते घर वाचते हे पाहू, आणि या ठिकाणी मी थोडा रेंगाळणार आहे. मुंबईच्या १९०९च्या कायद्याने नादाराला जे सोडून दिले ते इतकेच: धंद्याची हत्यारे, आणि त्याची, त्याच्या बायकोची व मुलांची आवश्यक वस्त्रे, अंथरुणे, स्वयंपाकाची भांडी व सामान, सगळी मिळून तीनशे रुपयांपर्यंत. घराचा त्या यादीत उल्लेखच नाही. मुफसलच्या कायद्याने मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६०कडे बोट दाखवले आणि जे जप्तीतून सुटते ते नादारीतूनही सुटेल असे सांगितले. त्या कलमात भांडी-अंथरुणे आहेत, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाही असा दागिना, म्हणजे आपल्याकडचे मंगळसूत्र, आहे, बैल आणि बी-बियाणे आहे, आणि शेतकऱ्याचे स्वतः राहत असलेले घर आहे. १९७६च्या दुरुस्तीने त्यात मजूर आणि घरगुती नोकर यांच्या घरांची भर पडली. कारकुनाचे, शिक्षकाचे, वाण्याचे घर नाही.

शेतकऱ्यावरच ही कृपा का? तिची पाळेमुळे शोधताना दख्खनच्या दंग्यापाशी येऊन थांबावे लागते. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी कुणब्यांनी सावकारांची घरे फोडली ती मुख्यतः कर्जरोखे बाहेर काढून जाळण्यासाठी, आणि ते लोण पाहता पाहता आसपास पसरले. सरकारने चौकशी केली, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. स्पष्टपणे गहाण लिहून दिल्याखेरीज शेतकऱ्याची स्थावर मिळकत हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी जप्त करता येणार नाही आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी त्याला कैदेत टाकता येणार नाही, असे त्याने ठरवले. म्हणजे घर वाचवण्याची ही बुद्धी सरकारला जाळलेल्या रोख्यांच्या उजेडात सुचली. शहरातल्या ऋणकोने कोणाचे रोखे जाळले नाहीत, आणि त्याच्या वाट्याला भांडी-अंथरुणांची यादी आली. माझे मत विचाराल तर या भेदाला आता काही आधार उरलेला नाही. पण कायद्यात एकदा बसलेली गोष्ट सहजासहजी उठत नाही.

नव्या संहितेने हमीदारांच्या बाबतीत का होईना, हा भेद बदलला. तिच्यात बोजा नसलेले एकमेव राहते घर दिवाळखोराच्या मिळकतीतून वगळले जाते, मात्र किमतीची मर्यादा घालून: शहरात वीस लाख रुपये, खेड्यात दहा लाख. वीस लाखांत मुंबईत काय मिळते हे वाचकाला सांगायला नको. शिवाय 'बोजा नसलेले' हा शब्द बहुतेक घरांचा निकाल तेथेच लावतो, कारण हल्लीचे घर बँकेच्या कर्जातूनच जन्माला येते. तारण असलेल्या सावकाराचा हक्क नादारीने हलत नाही, हे सूत्र दोन्ही जुन्या कायद्यांत स्वच्छ आहे. रिसीव्हरच्या हाती जे येते ते घर नव्हे, गहाण सोडवण्याचा हक्क. आणि बँकेजवळ तर २००२च्या कायद्याचे शस्त्र आहे, ज्याने ती साठ दिवसांची मागणी-नोटीस देऊन, दिवाणी कोर्टाची पायरी न चढता, तारणाचा ताबा घेऊन लिलाव करू शकते. नादाराच्या घराचा लिलाव वर्तमानपत्रात दिसला तर तो रिसीव्हरचा आहे की बँकेचा, हे म्हणूनच आधी पाहावे.

घर वडिलोपार्जित आणि कुटुंब एकत्र असेल तर प्रश्नाला आणखी फाटे फुटतात. बाप नादार झाला तर मुलांचे हिस्सेही असायनीकडे जातात काय? १९२४ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की मुलांचे हिस्से आपोआप जात नाहीत. तथापि स्वतःच्या कर्जासाठी मुलांच्या हिश्शांसह मिळकत विकण्याची जी शक्ती बापाला हिंदू धर्मशास्त्राने दिली होती तिचे काय, हा वाद शिल्लक राहिला आणि १९४८ साली मुफसलच्या कायद्यात कलम २८-अ घालून ती शक्तीही नादाराच्या मिळकतीत मोजली जाईल असे ठरले. बापाचे ऋण मुलाने फेडावे या धर्माज्ञेचा असा उपयोग होईल हे स्मृतिकारांच्या स्वप्नातही आले नसेल. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने त्या धर्मकर्तव्याचाच आधार काढून घेतला. त्यानंतरच्या कर्जासाठी केवळ पितृऋण म्हणून मुलावर किंवा नातवावर दावा चालत नाही.

बाकी राहतो नादाराचा स्वतःचा अविभक्त हिस्सा, आणि तो विकणे हे रिसीव्हरच्या कामांतले सर्वांत कटकटीचे काम. विकत घेणाऱ्या परक्याला वाड्यात भावांबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटपाचा दावा करावा, आणि केला तर १८९३च्या वाटणी कायद्याच्या कलम ४प्रमाणे कुटुंबातला कोणीही हिस्सेदार न्यायालय ठरवील त्या किमतीला तो हिस्सा परत मागू शकतो. असल्या हिश्शाला बोली कमी येतात, आणि पुष्कळदा शेवटी तो घेतो नादाराचा भाऊच.

विक्री प्रत्यक्ष कशी होते? रिसीव्हर मूल्यांकन करवतो, जाहिरात देतो, लिलाव पुकारतो किंवा खाजगी बोलणीने सौदा करतो, आणि खरेदीखतावर मालक म्हणून सही करतो. तो घराची हमी देत नाही. नादाराचा जो आणि जेवढा हक्क असेल तेवढाच 'जसा आहे तसा' विकतो, म्हणून जुने दस्त, सोसायटीची थकबाकी, घरपट्टी, कोठे पडून असलेला दावा हे सारे खरेदीदाराने आपल्या डोळ्यांनी पाहायचे. भाव मातीमोल आला असे नादाराला किंवा एखाद्या सावकाराला वाटले तर मुफसलच्या कायद्यात रिसीव्हरच्या कृतीविरुद्ध न्यायालयाकडे एकवीस दिवसांत तक्रार करता येते. आणि घरमालकाला स्वतः गिऱ्हाईक शोधण्याची जी एक सन्मानाची वाट कायद्याने ठेवली आहे ती तडजोडीची: अमुक किमतीला घर विकून अमुक मुदतीत देणी भागवतो असा प्रस्ताव त्याने मांडावा, ज्यांची देणी शाबीत झाली अशा सावकारांपैकी संख्येने बहुसंख्यांनी आणि रकमेने तीन-चतुर्थांशांनी तो मान्य करावा आणि न्यायालयाने मंजूर करावा. नादारी असतानाही घर घरमालकाच्या मर्जीने विकले जाते ते येथे. आणि सगळी देणी व खर्च भागून काही उरले तर ती शिल्लक त्याचीच असते.

शेवटचा प्रश्न ताब्याचा. खरेदीदाराला रिकामे घर हवे असते, आणि रिसीव्हर न्यायालयामार्फत ताबेदाराला हटवू शकतो. परंतु कायद्यात एक परंतुक आहे, की ज्याला हटवण्याचा तूर्त हक्क खुद्द नादारालाच नव्हता त्याला न्यायालयही हटवणार नाही. साताऱ्यासारख्या गावातला एखादा दुमजली वाडा डोळ्यांपुढे आणा: माडीवर मालक, खाली चौकाच्या दोन अंगांना भाडेनियंत्रण कायद्याचे कवच असलेले दोन भाडेकरू, त्यांतला एक मालकाच्या वडिलांच्या काळापासूनचा. वाडा विकला जातो, नवा मालक येतो, माडी रिकामी होते, आणि ज्याचे तीस रुपये भाडे थकले म्हणून मालकाने पूर्वी नोटिसा धाडल्या होत्या तो खालचा बिऱ्हाडकरू, मालकाचे सामान टेम्पोत चढत असताना, आपल्या ओसरीवर बसून कपाटाचा एक कोपरा धरायला उठतो.